रात्रीचं रक्त

"रक्त काय रात्री वेगळं होतं का रे?"

हे वाक्य माझं. बोलून वीस वर्षं उलटली, पण कोणत्या सुरात बोलले तो सूरसुद्धा अजून कानात आहे. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता, हातात पिपेट. बाजूच्या खुर्चीत शाळेतले एक मास्तर बाही वर करून बसले होते आणि आम्हा दोघांकडे बघत होते. मुलाने एक प्रश्न विचारला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही, गप्प केलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी लॅब आहे. बसस्टँडच्या मागे, दोन खोल्यांची. १९९४ साली सुरू केली. तो मुलगा २००३ मध्ये माझ्याकडे शिकायला होता. हात चांगला होता त्याचा. लहान मुलांची शीरही त्याला एका टोचणीत सापडायची.

मार्च महिना होता, परीक्षांचे दिवस. मास्तरांना महिनाभर खोकला होता, रात्री धाप लागायची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ए.ई.सी.' लिहून दिलं होतं. म्हणजे रक्तातल्या इओसिनोफिल पेशी नेमक्या किती, त्याची मोजणी. ॲलर्जी, दमा, जंत, हत्तीरोगाचा फुप्फुसावरचा परिणाम, अशा बऱ्याच गोष्टींत या पेशी वाढतात. मास्तर शाळेची कामं आटोपून रात्री नऊला आले. मी घरी गेले होते. मुलाने रक्त घेतलं, मोजलं आणि रजिस्टरमध्ये ६१० लिहिलं.

सकाळी साडेदहाला मास्तर परत आले. म्हणाले, "रात्री घाईत झालं ताई, एकदा तुमच्या हातून बघा." मी बघितलं. माझा आकडा आला ३३०. आमच्या लॅबमध्ये वरची मर्यादा ४४० धरायचो. म्हणजे त्याच्या हिशेबाने मास्तर आजारी आणि माझ्या हिशेबाने ठीक.

मी लाल पेन घेतलं, त्याच्या ६१० वर आडवी रेघ मारली, शेजारी ३३० लिहून सही केली. मग त्याला मास्तरांसमोरच विचारलं, रक्त पातळ करताना चुकलास की दुसऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल समजून मोजल्यास?

तो म्हणाला, "ताई, मी दोनदा मोजलं. मोजायच्या काचेच्या दोन्ही बाजू."

मी काही बोलले नाही तेव्हा जरा थांबून त्याने विचारलं, "रात्रीचं रक्त होतं, म्हणून असेल का?"

आणि मी ते वाक्य म्हणाले.

दीड महिन्याने तो सोडून गेला. जाताना कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला सर्वांत जड जातं. लॅब उघडण्याआधी, १९९० ते ९२, मी हत्तीरोग नियंत्रण पथकात हंगामी काम केलं होतं. आमचं सगळं कामच रात्रीचं. साडेआठला गावात शिरायचं आणि बारापर्यंत घरोघर फिरून बोटाचं रक्त घ्यायचं. अंगणात खाटा टाकून लोक झोपलेले असायचे. एकाने टॉर्च धरायचा, मी अनामिकेला सुई टोचायची, काचपट्टीवर जाड थेंब पसरवायचा, पट्टीवर घराचा नंबर लिहायचा. सकाळी त्या काचपट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली हत्तीरोगाच्या जंतूंची पिल्लं शोधायची. झोपमोड झाली की म्हाताऱ्या बाया चिडायच्या. "दिवसा काहून येत नाही जी तुम्ही?" आणि मी दर घरी तेच पाठ केलेलं सांगायची, आजी, ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत दडून राहतात, रात्री डास चावायच्या वेळेला बाहेरच्या रक्तात येतात. दिवसा घेतलं तर सापडणार नाहीत.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरला, १८७० च्या दशकाच्या शेवटी, चीनमधल्या अमॉय बंदरात. त्याने दोन साहाय्यकांना रक्त तपासायला बसवलं होतं, एक दिवसा, एक रात्री. रात्रीच्या रक्तात पिल्लं कितीतरी जास्त सापडत होती. ही गोष्ट आम्हाला पथकाच्या प्रशिक्षणात सांगितली होती. पुढे लॅबमध्ये चहाच्या वेळी मी ती त्या मुलाला सांगितली होती, एकदा नव्हे, बऱ्याचदा, कारण ती मला आवडायची.

म्हणजे त्याचा प्रश्न आकाशातून पडलेला नव्हता. माझ्याच तोंडून ऐकलेल्या गोष्टीतून त्याने तो काढला होता. मॅन्सनने रात्रीच्या साहाय्यकाच्या आकड्यावर विश्वास ठेवला. मी माझ्या रात्रीच्या साहाय्यकाच्या आकड्यावर रेघ मारली.

असं का झालं, याचा मी खूप विचार केला आहे. एक कारण असं, की जंतू हा परका जीव, त्याला त्याच्या सवयी असणार हे मला पटत होतं. आपल्या स्वतःच्या पेशींना काही सवयी असतील असं कधी डोक्यातच आलं नाही. माझ्या मनात रक्त म्हणजे पिंपात भरून ठेवलेला माल होता. आजार आला की त्यात वाढ-घट होणार, बाकी वेळी आहे तेवढं आहे, केव्हाही झाकण उघडून मोजा. दुसरं कारण जास्त खरं आहे. मला माझ्या आकड्यांचा अभिमान होता. तालुक्यात माझी ओळखच 'ताईंचा रिपोर्ट बदलत नाही' अशी होती. दोन आकडे जुळले नाहीत तर दोघांपैकी एक चुकलाय, आणि तो मी नव्हे, हे मी बघण्याआधीच ठरवून टाकायची. मास्तरांच्या वेळी मी त्याची काचपट्टीसुद्धा मागून बघितली नाही. त्याने रात्रीचा उरलेला बल्ब, म्हणजे रक्ताची छोटी नळी, फ्रिजमध्ये ठेवलेला होता. तोही मी काढला नाही.

मध्ये आणखी एकदा मला शिकायची संधी आली होती. एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. त्या सुरुवातीच्या काळात औषध सुरू करायचं की नाही हे मुख्यतः सीडी-४ या पांढऱ्या पेशींच्या संख्येवर ठरायचं, दोनशेच्या खाली गेली की सुरू. पुढे ती रेष ३५०, मग ५०० अशी वर सरकली आणि २०१७ पासून संख्या न बघता सगळ्यांनाच औषध मिळू लागलं. पण तेव्हा दोनशे म्हणजे दोनशे. आमच्या गल्लीतली एचआयव्ही असलेली एक बाई सहा महिन्यांनी पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी गेली. एस.टी. उशिरा पोचली, दुपार झाली. तिथे सांगितलं, मागच्या वेळी सकाळी रक्त दिलं होतं, याही वेळी सकाळीच या. बिचारी तशीच परत आली आणि माझ्यापाशी येऊन रडली. दिवसाची मजुरी गेली होती, भाडं गेलं होतं. मी तिला काय सांगावं? "सरकारी माणसं ती, त्यांना काय, टाळाटाळ."

सीडी-४ पेशी दुपारच्या आसपास रक्तात सर्वांत कमी असतात आणि रात्री सर्वांत जास्त. आजार वाढलेल्या माणसात हा चढउतार मंदावतो, हे मी पुढे वाचलं. पण दोन तपासण्यांची तुलना करायची तर वेळ एकच हवी, ही त्या केंद्राची शिस्त बरोबर होती. तिची मजुरी बुडाली हे खरंच वाईट झालं. पण तिला कारण समजावून सांगणारी मी गावात एकटीच होते, आणि मलाच कारण माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं.

२०१४ च्या नोव्हेंबरात नागपूरला लॅबवाल्यांसाठी एक दिवसाची व्याख्यानं होती. दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान होतं नमुना लॅबमध्ये पोचण्याआधी होणाऱ्या चुकांवर. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवणं, बल्ब नीट न हलवणं, गुठळी, उन्हात राहिलेला नमुना, हे सगळं. बोलणाऱ्या डॉक्टरबाईंनी मध्येच पडद्यावर एक आलेख दाखवला. खाली चोवीस तास. एक रेघ सकाळी उंच आणि मध्यरात्री तळाला. ते कॉर्टिसॉल, आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं संप्रेरक. दुसरी रेघ बरोबर उलटी, सकाळी उशिरा तळाला आणि मध्यरात्रीनंतर उंच. ते इओसिनोफिल. "म्हणून वेळ लिहीत चला," एवढंच म्हणून त्या पुढच्या चित्रावर गेल्या.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. चहाच्या सुटीत त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, फरक किती पडतो? त्या म्हणाल्या, माणसामाणसावर आहे, पण काहींमध्ये दुपटीच्या जवळपासही जातो.

परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ मी खिडकीशी बसून एकच भागाकार करत होते. सहाशे दहा भागिले तीनशे तीस.

तरीही मला पटवून घ्यायचं नव्हतं. हे मी आज मोकळेपणाने लिहिते आहे. मी स्वतःच्या रक्ताची मोजणी करायची ठरवली, आणि मनात सुप्त इच्छा हीच होती की आकडा हलू नये. तो हलला नाही तर मुलगा चुकला होता, आणि मी सुटले.

माझी नणंद नर्स आहे. ती सुटीवर घरी आली होती. शनिवारी सकाळी साडेदहाला तिने माझं पहिलं रक्त घेतलं, जांभळ्या टोपीच्या बल्बमध्ये. तोवर आमच्याकडे काउंटर मशीन आलेलं होतं, पण मी मुद्दाम जुनी पद्धत घेतली, त्या मुलाने वापरली होती तीच. इओसिन आणि ॲसिटोनच्या द्रावणात रक्त दहापट पातळ करायचं. काचेच्या चेंबरवर झाकणकाच बसवायची. पिपेटचं टोक तिच्या कडेला टेकवलं की थेंब आपोआप आत सरकतो. पेशी तळाला बसेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या चौकोनांत एकेक पेशी मोजायची. तांबड्या पेशी फुटून गेलेल्या असतात, इतर पांढऱ्या पेशी फिकट, आणि इओसिनोफिल मात्र शेंदरी दाण्यांनी भरलेले, लगेच नजरेत भरणारे. एका बाजूचे नऊ चौकोन मोजून जो आकडा येईल त्याला साधारण अकराने गुणलं की झालं.

साडेदहाला एका बाजूला १४, दुसऱ्या बाजूला १२. संध्याकाळी सहाला १७ आणि १९. रात्री दहाला २१ आणि २२. मी मनाशी म्हटलं, मोजणीत एवढं पुढेमागे होतंच. आणि ते खोटंही नाही, इतक्या थोड्या पेशी मोजताना नशिबानेही आकडा हलतो. झोपले. पावणेदोनला गजर लावला होता.

रात्री दोनला लॅबमध्ये आम्ही दोघी. बाहेर बसस्टँडवर कुत्री भुंकत होती. नणंदेने रक्त घेतलं आणि चहा करायला स्टोव्ह पेटवला. मी चेंबर लावलं, डोळा टेकवला आणि थबकले. मोजायच्या आधीच कळलं. सकाळी शोधाव्या लागत होत्या त्या शेंदरी पेशी आता चौकोनाचौकोनात होत्या. मी बोटाखालचं काउंटर दाबत गेले. २७. दुसरी बाजू, २६.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? पातळ करताना चुकले.

नेमका हाच आरोप मी त्याच्यावर केला होता. बल्ब आठ-दहा वेळा उलटसुलट केला, नवीन पिपेट घेतली, नवीन द्रावण घेतलं, चेंबर धुऊन पुसून पुन्हा लावलं. हात थरथरत होता म्हणून थोडी थांबले. पुन्हा मोजलं. २८ आणि २५.

चहाचा कप घेऊन नणंद मागे उभी होती. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "मी दोनदा मोजलं."

ती म्हणाली, "हो, बघितलं ना मी."

त्या क्षणी मला तो मुलगा दिसला, हातात पिपेट घेऊन उभा. हेच शब्द, याच क्रमाने. मला त्या रात्री साक्षीदार होती. त्याला कोण होतं? मी होते, आणि मी लाल पेन उचललं होतं.

किती वेळ त्या स्टुलावर बसून होते ठाऊक नाही. चहा निवला. नणंदेला वाटलं रक्त दिल्यामुळे मला चक्कर येते आहे. तिला काही सांगता आलं नाही. मास्तरांच्या दम्याचा विचार त्या रात्री मनात आला नाही, खरं सांगते. मी फक्त त्या मुलाचा चेहरा आठवत होते, 'रात्रीचं रक्त होतं, म्हणून असेल का?' असं विचारतानाचा. त्या चेहऱ्यावर घाबरलेपण होतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या रात्री आठवून बघितलं तर ते घाबरलेपण नव्हतं. एखादी गोष्ट सुचल्याचा आनंद असतो ना, तो होता. माझ्या वाक्यानंतर तो मावळला.

एका बाईचं एका रात्रीचं रक्त म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण पुरावा माझ्या रक्ताची वाट बघत थांबलेलाच नव्हता. त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज थॉर्न या डॉक्टरने एक चाचणी सुचवली होती. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन द्यायचं आणि चार तासांत रक्तातले इओसिनोफिल निम्म्यावर येतात का बघायचं. आले तर ग्रंथी नीट चालते आहे. त्याच काळात फ्रान्झ हालबर्ग नावाचा तरुण डॉक्टर तिथे काम करत होता. पुढे मिनेसोटा विद्यापीठात उंदरांचे इओसिनोफिल मोजताना त्याच्या ध्यानात आलं, की काहीही न टोचता, नुसती दिवसाची वेळ बदलली तरी आकडा पडतो आणि चढतो. आंधळ्या केलेल्या उंदरांतही ही लय थांबत नव्हती. ती फक्त भिंतीवरच्या घड्याळापासून हळूहळू सरकत जायची. म्हणजे घड्याळ आतच होतं. १९५९ साली त्यानेच या लयीला 'सर्केडियन' हे नाव दिलं, साधारण एका दिवसाची. मी लॅब उघडली तेव्हा या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली होती. आणि ती सुरू झाली होती माझ्याच पेशीपासून, माझ्याच चेंबरमध्ये मोजल्या जाणाऱ्या शेंदरी दाण्यांपासून.

पेशी जातात कुठे, हा प्रश्न मला त्या रात्री पडला होता. त्या मरत नाहीत. सीडी-४ ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट पेशींचं उदाहरण घ्या, शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या गाठींत, प्लीहेत, हाडांच्या मगजात, आतड्यांच्या अस्तरात. आपण बोटातून किंवा दंडातून घेतो ते फक्त रस्त्यावर असलेल्यांचं मोजमाप. एस.टी. स्टँडवर उभं राहून गावाची वस्ती मोजावी तसं. पहाटे कॉर्टिसॉल चढू लागलं की अजून कोणत्या शत्रूशी गाठ न पडलेल्या नव्या टी-पेशी, लिम्फोसाइटचाच एक प्रकार, रक्त सोडून मगजाकडे वळतात. मध्यरात्री ते उतरलं की परत येतात. उलट ज्या पेशी लढून तयार झालेल्या आहेत, मारा करणाऱ्या, त्यांतल्या बऱ्याच दिवसा ॲड्रिनलिनच्या हाकेला रक्तात उतरतात. न्यूट्रोफिल दुपारनंतर चढलेले असतात. एकाच बल्बमध्ये काही उतरणीला, काही चढणीला. हे वाचताना मला माझं ते पिंप आठवायचं, आणि लाज वाटायची.

त्या आठवड्यापासून लॅबमध्ये वेळ लिहायला लागले. रजिस्टरमध्ये 'वेळ' असा छापील रकाना पहिल्यापासून होता. छापखान्याने सरकारी दवाखान्याचा नमुना बघून रजिस्टर छापलं होतं, त्यात तो आपोआप आला होता. आम्ही तो कधी भरला नव्हता. आता नमुना घेतल्याची वेळ मिनिटासकट जाते, आणि इओसिनोफिल असोत नाहीतर सीडी-४ साठी बाहेर पाठवायचा नमुना असो, दुसऱ्या खेपेला पेशंटला आधीच्याच वेळेला बोलावते. कोळशाच्या खाणीतले आणि वीज केंद्रातले कामगार आमच्याकडे येतात. त्यांना विचारते, पाळी कोणती चालू आहे. आठवडाभर रात्रपाळी केलेल्या माणसाची सकाळ ही त्याच्या शरीराची सकाळ असेलच असं नाही. प्रेडनिसोलोनची गोळी चालू आहे का तेही विचारते, तिनेही इओसिनोफिल खाली येतात. जिने चढून धापा टाकत आलेल्याला दहा मिनिटं बसवते.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते. हातून चूक झाली की 'वेळेचा फरक असेल' म्हणून सुटण्याची सवय पोरांना लागू नये. गुठळी झालेला नमुना रात्रीचा असो की दिवसाचा, तो टाकूनच द्यायचा. बल्ब न हलवता लावलेल्या मोजणीला कोणतंही घड्याळ वाचवू शकत नाही. म्हणून दोन आकडे जुळले नाहीत तर आता आमच्याकडे नियम आहे. आधी दोन्ही काचपट्ट्या काढून शेजारी शेजारी ठेवायच्या. ज्याने मोजलं त्याला विचारायचं, तुला काय वाटतं. माझं मत शेवटी.

इतकं सगळं मी दुरुस्त केलं, आणि त्या मुलाला फोन केला नाही.

२०१७ मध्ये शरीरातल्या घड्याळाच्या संशोधनाला नोबेल मिळालं. हॉल, रोसबॅश आणि यंग यांना, फळमाशीतल्या जनुकावरच्या कामासाठी. वर्तमानपत्रातली बातमी कापून मी टेबलाच्या काचेखाली ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, समजावून सांगायची. फोन तेव्हाही केला नाही. तो विसरला असेल, आता कशाला जुनं उकरायचं, असं स्वतःला सांगत राहिले. रजिस्टरमध्ये वेळ लिहिणं सोपं होतं. चुकलेलं माणसापाशी जाऊन सांगणं मला जमत नव्हतं. त्या रात्रीनंतर नऊ वर्षं मी हे लांबवलं, आणि या नऊ वर्षांना अज्ञानाचं कारणही देता येत नाही.

२०२३ च्या दिवाळीत त्याच्या मावसभावाकडून नंबर मिळाला. तो आता औषधाच्या दुकानात काम करतो, शेजारच्या जिल्ह्यात. मी नाव सांगितल्यावर क्षणभर शांतता, मग "ताई, नमस्कार. तब्येत बरी आहे ना?"

मी लांबण लावली नाही. म्हटलं, "मास्तरांच्या ए.ई.सी.चा आकडा तुझा बरोबर होता. रात्री जास्तच असतात त्या. मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. माझं चुकलं रे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. दुकानात कुणीतरी गोळ्या मागत होतं, ते ऐकू येत होतं. मग म्हणाला, "मला वाटत होतं माझंच चुकलं असेल. तुमच्याकडून गेल्यावर दोन ठिकाणी काम केलं ताई, पण चेंबर लावलं की हात कापायचा. मग लाइनच सोडली."

मी काय बोलणार?

थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, मास्तरांचं पुढे काय झालं. त्यांची बदली झाली होती, पुढचं मला ठाऊक नव्हतं. मग त्याचा आवाज जरा बदलला. खूप वर्षांपूर्वीचा, चहाच्या वेळी प्रश्न विचारणारा आवाज. "ताई, रात्री किती वाजता घेतलं होतं मी? नऊ की साडेनऊ? तुम्ही सकाळी किती वाजता? रजिस्टरमध्ये टाइम असेल ना?"

मी त्याला थांब म्हटलं. फोन टेबलावर तसाच चालू ठेवून स्टुलावर चढले आणि माळ्यावरून २००३ चं रजिस्टर काढलं. धूळ पुसली, मार्च महिना उघडला. मास्तरांचं नाव सापडलं. त्याच्या ठळक, गोल अक्षरातलं ६१०, त्यावर माझी लाल रेघ, बाजूला माझं ३३० आणि सही. शेजारी 'वेळ' लिहिलेला रकाना. त्या ओळीतही कोरा आणि त्याच्या वरखालीही, पानभर.

"ताई? मिळालं का?" तो विचारत होता.